परराष्ट्र धोरणावर बोलणारी मेंबरांची संस्था: चॅटम हाउसकडून नाशिककरांनी काय घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: चॅटम हाउस म्हणजे नक्की काय, ते ब्रिटिश सरकारचं ऑफिस आहे का, सगळे म्हणतात तो चॅटम हाउस रूल काय असतो, आणि नाशिकमध्ये तुम्ही बारा-पंधरा जण मिळून परराष्ट्र धोरणावर नियमित चर्चा करणारं काहीतरी सुरू करताय तर त्यातलं काय उचलता येईल. शेवटी असंही विचारलंय की हे रिटायर्ड राजदूतांचंच काम आहे का, आपल्यासारख्यांनी त्यात पडावं का. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय, आधी लंडनमध्ये एका छोट्या मेंबर-संस्थेत, तिथे खुर्च्या लावण्यापासून स्पीकरला स्टेशनवरून घेऊन येण्यापर्यंत सगळं केलं, आणि मग मुंबईत परत आल्यावर दोन ठिकाणी कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी सरकारी की खासगी ते संपवू. सरकारी नाही. आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास आणि त्यावर चर्चा करणारी ही लंडनमधली संस्था. पूर्ण नाव रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स, आणि त्या 'रॉयल' मुळे लोकांचा गैरसमज होतो. १९२६ ला त्यांना राजाची सनद मिळाली, ती म्हणजे एक प्रकारची कायदेशीर मान्यता, पण संस्था मेंबरांची आहे. सुरुवात १९१९ ला पॅरिसमध्ये झाली. पहिल्या महायुद्धानंतरची शांतता परिषद चालू होती, ब्रिटिश मंडळी हॉटेल मॅजेस्टिकमध्ये उतरलेली, आणि ३० मे ला तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांची एक बैठक झाली. ही सगळी माणसं दिवसभर नकाशे घेऊन बसायची, कुठली सीमा कुठून जाणार यावर सल्ला द्यायची, आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढे मोठे निर्णय मूठभर लोकांच्या माहितीवर होतायत आणि ज्यांच्या नावाने होतायत त्या सामान्य लोकांपर्यंत काही पोचतच नाही. लायनेल कर्टिस नावाच्या गृहस्थाने सुचवलं की यासाठी कायमची संस्था हवी. हा कर्टिस आपल्याला अगदीच परका नाही बरं का, शाळेत १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा वाचल्या असतील, त्यातली द्विदल राज्यपद्धती, तिचा तो मोठा पुरस्कर्ता होता. म्हणजे एकीकडे हिंदुस्थानला अर्धीमुर्धी सत्ता कशी द्यायची याच्या योजना करणारा माणूस, आणि दुसरीकडे लोकांना परराष्ट्र व्यवहार कळला पाहिजे म्हणून संस्था काढणारा, दोन्ही एकच. संस्थेचा जन्म साम्राज्याच्या पोटातून झालाय हे विसरायचं नाही, आणि तरीही तिने जी पद्धत बसवली ती आपल्या कामाची आहे असं माझं मत आहे.

मूळ बेत दोन्ही देशांची मिळून एकच संस्था असा होता पण तो काही जमला नाही. ब्रिटिशांची १९२० ला लंडनमध्ये सुरू झाली, अमेरिकनांची १९२१ ला न्यूयॉर्कमध्ये, तीच आजची कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स. १९२३ मध्ये कर्नल लेनर्ड नावाच्या कॅनडाच्या गृहस्थाने आणि त्यांच्या बायकोने सेंट जेम्सेस स्क्वेअरमधलं १० नंबरचं घर संस्थेला देऊन टाकलं. त्या घरात वेगवेगळ्या काळात तीन ब्रिटिश पंतप्रधान राहून गेलेले, त्यातला पहिला थोरला विल्यम पिट, म्हणजे अर्ल ऑफ चॅटम, म्हणून घराचं नाव चॅटम हाउस आणि मग संस्थेलाच लोक त्या नावाने ओळखायला लागले.

आता खरी गोष्ट. या संस्थेच्या घटनेत एक अट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे संस्थेला संस्था म्हणून आंतरराष्ट्रीय घडामोडींवर स्वतःचं मत मांडायला मनाई आहे. रिपोर्ट निघतात, त्यात कडक मतं असतात, पण ती लिहिणाऱ्याची. व्यासपीठावरून काहीही बोललं गेलं तरी ते बोलणाऱ्याचं. नवीन लोकांना हे ऐकून विचित्र वाटतं, ते म्हणतात मग संस्था कशाला काढायची, मतच द्यायचं नाही तर. पण विचार करा, मेंबर कोण आहेत? त्यात लष्करातून निवृत्त झालेला आहे, शांतता चळवळीतली बाई आहे, तेल कंपनीत काम करणारा आहे, विद्यार्थी आहे, पत्रकार आहे, आणि सगळे फी भरून आलेत. ज्या दिवशी संस्था एक बाजू घेईल त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे लोक पुढच्या वर्षीची फी भरणार नाहीत, आणि चारपाच वर्षांत एकाच मताचे लोक उरतील जे एकमेकांना तेच तेच सांगत बसतील. तशा संस्थाही असतात आणि त्यांनाही थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणारी संस्था, असंच म्हणतात, एखाद्या पक्षाच्या किंवा उद्योगसमूहाच्या जवळच्या, आणि त्यांचंही काही काम असतं, पण तुम्हाला चर्चा हवी असेल तर ते मॉडेल नाही.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. २०२० च्या जूनमध्ये गलवान झालं, वीस जवान गेले, सगळा देश संतापलेला. त्यावेळी मी ज्या संस्थेत होतो तिथल्या एका ज्येष्ठ मेंबरांनी, स्वतः सैन्यात आयुष्य काढलेले, पत्र लिहिलं की संस्थेने निषेधाचा ठराव करावा आणि चिनी मालावर बहिष्काराची मागणी करावी. कमिटीत जवळजवळ सगळ्यांना तो ठराव मनातून पटलेला होता. तरी आम्ही केला नाही. मी त्यांना फोन केला, म्हटलं सर, ठराव केला तर आपण एक कागद काढू आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारणार नाही, त्यापेक्षा तुम्ही पहिल्या कार्यक्रमाला चेअर व्हा, सीमेवर काम केलेला एक अधिकारी बोलवू आणि औषध कंपन्यांना लागणारा कच्चा माल चीनमधून किती येतो हे सांगणारा एक उद्योजक बोलवू. लॉकडाऊन होता, सगळं ऑनलाइन. ते चेअर झाले. उद्योजकाने आकड्यांसकट सांगितलं की उद्या आयात थांबवली तर कुठली औषधं किती आठवड्यांत संपतील, आणि सरांनी, जे बहिष्काराच्या बाजूने होते, त्यांनी स्वतः त्याला सहा-सात नेमके प्रश्न विचारले. मत बदललं का, तर नाही. पण शेवटी ते म्हणाले की बहिष्कार करायचा तर आधी दहा वर्षं कारखाने काढावे लागतील हे मला आज कळलं. ठरावातून हे कळलं नसतं.

रूलबद्दल आता. नियम १९२७ चा आहे, नंतर १९९२ आणि २००२ ला त्याची भाषा सुधारली. लोक 'रूल्स' म्हणतात पण नियम एकच आहे. सांगतो साध्या भाषेत: बैठक या नियमाखाली असेल तर तिथे ऐकलेली माहिती तुम्ही बाहेर वापरू शकता, पण ती कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा, किंवा बैठकीला अजून कोण होतं, हे उघड करायचं नाही. बस. याला 'ऑफ द रेकॉर्ड' समजू नका, ऑफ द रेकॉर्डमध्ये ऐकलेलं वापरताच येत नाही, इथे वापरता येतं, फक्त नाव तोडायचं. आणि दुसरा गैरसमज असा की चॅटम हाउसमधलं सगळंच या नियमाखाली असतं. तसं नाही, बरेचसे कार्यक्रम उघड असतात, इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात. नियम लावायचा की नाही हे कार्यक्रमाआधी ठरतं आणि सुरुवातीला चेअरने मोठ्याने सांगायचं असतं.

नियमाचा उपयोग कशासाठी? नोकरीत असलेला अधिकारी, कंपनीचा माणूस, एखाद्या दूतावासातला कोणी, यांना जाहीरपणे फक्त अधिकृत ओळ बोलता येते. नाव बाहेर जाणार नाही असा भरवसा मिळाला की तो माणूस म्हणतो, आमचं इथे चुकलं. ते ऐकायला मिळणं हेच या सगळ्या खटाटोपाचं फळ आहे. पण याला कायद्याची ताकद शून्य, कोर्टात जाता येत नाही, फार तर त्या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही एवढंच हातात असतं. माझ्या एका कार्यक्रमात असंच झालं, एका तरुण मेंबरने उत्साहात हॉलमधूनच स्पीकरचा फोटो आणि एक वाक्य पोस्ट केलं, वाईट हेतू काही नव्हता, पण अर्ध्या तासात त्या अधिकाऱ्याला त्याच्या ऑफिसमधून फोन आला. तो माणूस पुन्हा आमच्याकडे आला नाही, आणि त्याच्या ओळखीचे अजून दोघे जे यायचे होते त्यांनीही नकार कळवला. तेव्हापासून मी दारात फोन बाजूला ठेवायला सांगत नाही पण चेअरला नियम दोनदा वाचायला लावतो, सुरुवातीला आणि प्रश्नोत्तरं सुरू होताना, कारण उशिरा येणारे असतातच.

अजून एक सांगतो, नियम गरज नसताना लावू नका. सोपं वाटतं म्हणून काही जण प्रत्येक कार्यक्रमाला लावतात, आणि मग निवडून आलेला माणूससुद्धा त्याआड लपतो. लोकप्रतिनिधी बोलणार असेल तर नावानिशी बोलू दे.

उघड चर्चेचं उदाहरण द्यायचं तर मी नेहमी गांधीजींचं देतो. १९३१ ला ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते, तेव्हा २० ऑक्टोबरला चॅटम हाउसमध्ये त्यांचं भाषण झालं, विषय हिंदुस्थानचं भवितव्य. त्यात ते म्हणाले की पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वी होता त्यापेक्षा आज हिंदुस्थान जास्त निरक्षर आहे, इंग्रजांनी मुळं बघायला माती उकरली आणि मुळं तशीच उघडी ठेवली, सुंदर झाड मरून गेलं. भाषण संपल्यावर सर फिलिप हार्टोग उठले. हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, सायमन कमिशनसाठी शिक्षणावरचा अहवाल करणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचे आकडे ज्यांच्या बोटांवर होते असा माणूस. त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? समोर कोण आहे बघा, जगातला त्यावेळचा सगळ्यात चर्चेतला माणूस, आणि गांधीजींनीही ते टाळलं नाही, संदर्भ देतो म्हणाले. त्यानंतर दोघांचा पत्रव्यवहार कितीतरी वर्षं चालला. हार्टोग यांचं समाधान झालं नाही, त्यांनी १९३५-३६ मध्ये लंडन विद्यापीठात या विषयावर व्याख्यानं दिली. आणि पुढे धर्मपाल या अभ्यासकाने मद्रास प्रेसिडेन्सीतले १८२० च्या दशकातले इंग्रजांचेच सर्व्हे बाहेर काढून १९८३ मध्ये तोच वाद पुन्हा उघडला, गांधीजींच्या बाजूने. म्हणजे हॉलमध्ये उभं राहून विचारलेला एक प्रश्न पन्नास वर्षं जिवंत राहिला. आणि हे आपल्याला आज माहीत आहे कारण संस्थेने ते भाषण आपल्या 'इंटरनॅशनल अफेअर्स' या नियतकालिकात छापलं. कार्यक्रम करणाऱ्यांनी टिपणं ठेवायची असतात ती यासाठी.

पैशाचा विषय आता, कारण तुमच्या प्रश्नात तो नव्हता पण सगळ्यात जास्त संस्था तिथे मरतात. खरं सांगायचं तर चॅटम हाउससुद्धा नुसत्या मेंबरांच्या फीवर चालत नाही, कंपन्या, फाउंडेशनं, वेगवेगळी सरकारं यांच्याकडून संशोधनासाठी पैसा येतो आणि देणाऱ्यांची यादी ते छापतात. ती यादी छापणं मला फार मोलाचं वाटतं. पैसा कुणाचा आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असलं की तो आपलं आपण ठरवतो किती विश्वास ठेवायचा. मेंबरांची फी एकूण पैशात थोडी असेल, पण तिचं काम वेगळं आहे, तो संस्थेच्या पायाखालचा दगड आहे, मोठा देणगीदार उठून गेला तरी दिवा चालू राहील आणि पुढच्या मंगळवारचा कार्यक्रम होईल इतकी सोय फीतून झाली पाहिजे.

नाहीतर काय होतं त्याचं उदाहरण इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्सचं. १९२५ ला होनोलुलूत सुरू झालेली, वेगवेगळ्या देशांच्या शाखा मिळून बनलेली. आपल्याला तिची आठवण ठेवायला एक कारण आहे, १९४२ च्या डिसेंबरात कॅनडात क्विबेकमधल्या माँ त्राँब्लांला तिची परिषद भरली, त्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना निबंध मागितला होता आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांच्या प्रश्नावर तो लिहून दिला. युद्धानंतरच्या जगाची चर्चा चाललेली असताना जगापुढे हा प्रश्न ठेवायला त्यांना जागा मिळाली ती सरकारी परिषदेत नाही, असल्या एका संस्थेच्या परिषदेत. ही संस्था मुख्यतः रॉकफेलर आणि कार्नेगी या फाउंडेशनांच्या पैशावर उभी होती. पुढे अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीचा, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागण्याचा काळ आला, संस्थेत कम्युनिस्ट आहेत असे आरोप झाले, सिनेटची चौकशी लागली, मोठा पैसा आटला, आणि १९६० च्या सुमारास संस्था संपली. फीवर जगता येईल इतके मेंबर असते तर निदान छोट्या स्वरूपात टिकली असती असं मला वाटतं.

मलाही एकदा याचा चटका बसलाय. एका परिषदेचा जवळजवळ सगळा खर्च एक कंपनी उचलणार होती, कार्डं छापून झाली, आणि आठ दिवस आधी त्यांच्याकडून निरोप आला की अमुक एक अभ्यासक नको, तो आमच्या क्षेत्रावर टीका करतो. कमिटीची रात्री अकरापर्यंत मीटिंग चालली. शेवटी आम्ही तो पैसा सोडला, पाचतारांकित हॉटेल रद्द करून एका कॉलेजच्या सभागृहात परिषद घेतली, जेवणाच्या जागी पोहे आणि चहा, आणि मेंबरांनी पाचशे-हजार करत वर्गणी काढली. तो अभ्यासक बोलला. त्या कंपनीने परत कधी पैसे दिले नाहीत, आणि त्या वर्षी नवे मेंबर मात्र भरपूर आले.

आता आपल्या देशातलं. तुम्ही लिहिलंय की आपल्याकडे असं काही झालंच नाही. झालंय, आणि फार मोठं झालंय. इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स, १९४३, तेजबहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू. त्याआधी चॅटम हाउसशी जोडलेली एक संस्था दिल्लीत होती पण तिच्यावर सरकारी मंडळींचं वजन, म्हणून या लोकांनी स्वतंत्र बिनसरकारी संस्था काढली. कुंझरू म्हणजे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, १९३६ पासून त्याचे अध्यक्ष, म्हणजे पुण्यातून निघालेल्या परंपरेतला माणूस. आणि या संस्थेने काय केलं? १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, देश अजून स्वतंत्रही झालेला नाही, दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली. निमंत्रण सरकारचं नव्हतं, या कौन्सिलचं होतं. आशियाभरातून शिष्टमंडळं आली, अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू, नेहरूंचं भाषण, शेवटी गांधीजी. चार वर्षांच्या एका मेंबर-संस्थेने हे केलं. मी पहिल्यांदा हे नीट वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती मला.

१९५५ मध्ये दिल्लीत बाराखंबा रोडला सप्रू हाउस ही या कौन्सिलची इमारत उभी राहिली, नेहरूंनी उद्घाटन केलं, उत्तम लायब्ररी, 'इंडिया क्वार्टर्ली' तर १९४५ पासूनच चालू होतं. त्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं जे १९७० ला जेएनयूमध्ये गेलं. आणि मग हळूहळू उतरण लागली. सत्तर-ऐंशीच्या दशकात दिल्लीकरांना सप्रू हाउस हे नाव पंजाबी विनोदी नाटकांमुळे माहीत होतं, हॉल भाड्याने जायचा. मेंबर होते पण मेंबर म्हणून लक्ष ठेवणारे कमी राहिले, भांडणं झाली, आणि २००० मध्ये सरकारने वटहुकूम काढून संस्था ताब्यात घेतली, २००१ ला संसदेत कायदा झाला, राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून दर्जा मिळाला, उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष. आज इमारत नीट आहे, कार्यक्रम होतात, प्रकाशनं निघतात, अभ्यासकांना तिथे चांगली संधी मिळते, हे सगळं चांगलंच आहे. पण १९४३ ला ज्या कारणासाठी ती काढली, की सरकारपासून वेगळी, लोकांच्या वर्गणीवर उभी असलेली जागा हवी, ते कारण आता तिथे उरलेलं नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. दोष सरकारला देऊन मोकळं होता येत नाही. मेंबरांनी वार्षिक सभेला जाणं सोडलं, हिशोब बघणं सोडलं, तिथे सुरुवात झाली.

मुंबईत गेटवे हाउस ही अशीच परराष्ट्र धोरणावरची संस्था २००९ पासून आहे, पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर २०११ पासून, ते मेंबरांवर चालतं आणि परराष्ट्र मंत्रालयाबरोबर एशिया इकॉनॉमिक डायलॉग ही परिषद भरवतं. दोन्हीकडे जाऊन बघा, शिकायला मिळेल, ओळखीही होतील.

तुमच्यासाठी आता. पहिलं वर्ष नोंदणी, लोगो, वेबसाइट यात घालवू नका. महिन्यातून एक ठरलेला दिवस, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, आणि तो कधीच चुकवायचा नाही, आठच लोक आले तरी. फी घ्याच, विद्यार्थ्यांना शंभर रुपये ठेवा बाकीच्यांना पाचशे ठेवा पण फुकट ठेवू नका, कारण फी भरलेला माणूस विचारतो की पैशाचं काय केलं, आणि तेच आपल्याला हवंय. वही ठेवा, दर बैठकीला हिशोब वाचून दाखवा. वर्षभर टिकलात की मग सात जण मिळून सोसायटी म्हणून आणि ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी करता येईल, घटना लिहिताना ती अट पहिल्याच पानावर घाला की संस्था स्वतःचं मत मांडणार नाही. परदेशातला नातेवाईक किंवा कोणी संस्था पैसे देते म्हणाली तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन नसताना एक रुपयाही घेऊ नका, चार जणांची चांगली भावना असते आणि संस्था अडचणीत येते.

आणि मेंबर म्हणजे काय हे आपल्याला लंडनकडून शिकायची गरज नाही. पुणे सार्वजनिक सभा १८७० ला स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजार लोकांच्या सह्या. म्हणजे हॉलमध्ये बसलेला माणूस एकटा नाही, तो पन्नास जणांना जाऊन सांगणार आहे काय झालं ते. तुम्ही सह्या मागू नका, पण प्रत्येक मेंबरने कार्यक्रमाचा एक पानी वृत्तांत आपल्या सोसायटीत, कॉलेजात, दुकानात वाचून दाखवायचा एवढं ठरवलं तरी खूप आहे. नाशिकमध्ये तर जागाही आहेत आणि सवयही आहे, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, तिथला श्रोता उठून प्रश्न विचारायला लाजत नाही. फक्त व्याख्यान आणि चर्चा यात फरक करा. दीड तासाचा कार्यक्रम असेल तर स्पीकरला पस्तीस मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही, उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. चेअरला आधीच सांगायचं की पहिला प्रश्न मागच्या ओळीतल्या कुणाचा तरी घ्यायचा, शक्यतो तरुण मुलीचा किंवा मुलाचा. पहिला प्रश्न ज्येष्ठांनी विचारला की ते भाषण करतात आणि मग तरुण हात वर करत नाहीत, हे मी लंडनलाही बघितलं आणि मुंबईलाही.

रिटायर्ड राजदूतांचं काम आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. २०१९ च्या सप्टेंबरअखेर केंद्राने कांदा निर्यात बंद केली, आणि आठवडाभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको सांगितलंय, निदान आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले, पण ढाक्यात भाव भडकले होते आणि लासलगावात पडले होते, दोन्ही एकाच आदेशाने. मग २०२० ला पुन्हा बंदी, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. गिऱ्हाईकाने दरवेळी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. हे परराष्ट्र धोरण नाही तर काय आहे? २०१० ला युरोपने द्राक्षात क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला म्हणून माल अडवला तेव्हा तुमच्याकडच्या बागायतदारांचं काय झालं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ब्रसेल्समध्ये कुठल्या रसायनाची मर्यादा किती ठरते हे दिंडोरीतल्या माणसाला कळायला नको?

म्हणून पहिला कार्यक्रम युक्रेन किंवा गाझावर करू नका, ते पुढे करालच. पहिला कांद्यावर करा. एक शेतकरी, एक निर्यातदार व्यापारी, आणि बांगलादेशात काम केलेला एक निवृत्त अधिकारी, तिघेच. सरकारी बाजू सांगणारा कोणी मिळत असेल तर तोही बोलवा, कारण शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा हीसुद्धा खरी बाजू आहे आणि ती मांडणारा हॉलमध्ये नसेल तर चर्चा एकतर्फी होईल. नियम लावू नका, सगळं उघड ठेवा, एक जण फक्त टिपणं घ्यायला बसवा. लासलगावकडची दोन माणसं तुम्ही ठरवा आणि तारीख मला आधी दीड महिना कळवा, ढाक्याला राहून आलेले दोघे निवृत्त अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत, दोघेही प्रश्नांना न चिडणारे, त्यांच्याशी मी बोलतो.